एकाच झुडपाच्या पानाला तीन भाव मिळतात, मग आपली सोलं सरसकट का विकायची?



ट्रेनिंगला येणाऱ्यांकडून एक प्रश्न सारखा येतो. "सर, ग्रीन टी सध्या चालतोय. बाहेरून दहा-वीस किलो लूज माल मागवतो, छान पाऊच छापतो आणि तारकर्ली-मालवणच्या टुरिस्टला विकतो. कसं वाटतं?"

माझं मत स्पष्ट आहे. करू नका. पाऊच छापणं कुणालाही जमतं. तुम्ही आज छापलात तर शेजारचा पुढच्या महिन्यात छापेल आणि दहा रुपये कमी लावेल. मालावर तुमचा ताबा नाही, चवीवर नाही, भावावरही नाही. आणि सिंधुदुर्गात आलेला टुरिस्ट इथून ग्रीन टी कशाला नेईल? तो त्याच्या गल्लीतल्या दुकानात मिळतो.

पण ग्रीन टीचा अभ्यास मात्र जरूर करा, तो विकण्यासाठी नव्हे तर शिकण्यासाठी. चीनमधला चहाचा शेतकरी एकाच झुडपाची पानं वेगवेगळ्या भावाला विकतो आणि गिऱ्हाईक तक्रार न करता पैसे देतं. हे त्याला कसं जमतं ते कळलं की आपल्या परसातल्या रातांब्याकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल. आजचा लेख त्यावरच आहे.

आधी ग्रीन टी म्हणजे काय ते नीट समजून घेऊ

आपण रोज उकळतो तो चहा आणि ग्रीन टी एकाच जातीच्या झाडाचे. फरक पान तोडल्यानंतरच्या कामात आहे. तोडलेलं पान तसंच राहू दिलं, चुरगळलं, की हवेतल्या ऑक्सिजनने ते तपकिरी होत जातं, सफरचंदाची कापलेली फोड होते तसं. ते पूर्ण होऊ दिलं की आपला काळा चहा. ग्रीन टीमध्ये पान तोडल्यावर लवकरच त्याला उष्णता देतात, म्हणजे ही क्रिया तिथेच थांबते. चीनमध्ये बहुतेक ठिकाणी पान गरम कढईत परततात, जपानमध्ये वाफ देतात. म्हणून रंग हिरवा राहतो आणि पानाची मूळ चव टिकते.

आता धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट बघा. काळ्या चहात प्रक्रिया जास्त, वर दूध, साखर, आलं, गवती चहा. पान थोडं डावं असलं तरी झाकून जातं. ग्रीन टी नुसत्या गरम पाण्यात पितात. तिथे पान कधी तोडलं, कोवळं होतं की जून, हे पहिल्या घोटात कळतं. म्हणून त्या धंद्यात काढणीच्या वेळेला एवढी किंमत.

तारखेवरून ठरणारा भाव

चीनमध्ये वर्षाचे २४ भाग पाडलेले आहेत, सूर्याच्या स्थितीवरून. आपली पावसाची नक्षत्रं आठवा. रोहिणी, मृग, आर्द्रा हीसुद्धा सूर्यावरूनच चालतात, म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनच्या आसपासच लागतो. त्यांचंही तसंच. एका भागाचं नाव छिंगमिंग, तो ४ किंवा ५ एप्रिलला सुरू होतो. त्याच्या पुढचा गुयू, म्हणजे धान्याचा पाऊस, साधारण २० एप्रिलला.

हांगझौ शहराजवळ होणारा लोंगजिंग हा चीनचा सगळ्यात नावाजलेला ग्रीन टी. त्याची वर्गवारी या दोन तारखांवर चालते. छिंगमिंगच्या आधी खुडलेला तो 'मिंगछ्येन'. त्यानंतर पण गुयूच्या आधी खुडलेला तो 'यूछ्येन', म्हणजे पावसाआधीचा. त्यानंतरचा साधा. झुडूप तेच, शेतकरी तोच, कढईही तीच. तरी मिंगछ्येनचा भाव सगळ्यात वर आणि पुढे तो उतरत जातो.

यात नुसतं मार्केटिंग आहे का? नाही. पानात खरंच फरक असतो. हिवाळ्यात झुडूप झोपलेलं असतं. वसंतात पहिली पालवी फुटते तेव्हा हवा थंड असते, वाढ सावकाश होते. त्या पानात थिॲनिनसारखी अमिनो आम्लं भरपूर असतात. त्यामुळे चव गोडसर, मऊ लागते. ऊन वाढलं की पान झपाट्याने वाढतं आणि त्यात कॅटेचिन नावाची द्रव्यं वाढतात. हीच कडवटपणा आणि तुरटपणा आणतात. म्हणून उन्हाळ्यातला चहा जहाल लागतो. शरदातल्या चहाला वास बरा येतो, पण चव पातळ असते.

शिवाय पहिल्या खुडणीत पान कमी. एक कळी किंवा एक कळी आणि एक पान, तेही हाताने खुडायचं. एक किलो चहाला अशा हजारो कळ्या लागतात. एखाद्या रात्री हिमकण पडले तर कोवळी पालवी करपते. म्हणजे चव वेगळी, माल थोडा, मेहनत जास्त आणि जोखीमही जास्त. भाव वर जायला चारही कारणं खरी आहेत.

आणि उरलेल्या पानाचं काय? हा भाग उद्योजकाने लक्षात ठेवावा. लोंगजिंगच्या पुष्कळ बागांत वसंतानंतर खुडणी थांबवतात, छाटणी करतात आणि झाडाला विश्रांती देतात. इतर भागांत उन्हाळ्याचं जून पान स्वस्त चहाकडे किंवा बाटलीबंद पेयांकडे जातं. ते पान मिंगछ्येनच्या डब्यात मिसळलं तर पहिल्या घोटात गिऱ्हाईकाला कळतं आणि वरचा भावही जातो.

आपल्या देशातही हे चालतं. दार्जिलिंग चहाला २००४ मध्ये भारतातलं पहिलं जीआय मिळालं. तिथला माल फर्स्ट फ्लश, सेकंड फ्लश, पावसाळी आणि शरद अशा हंगामांच्या नावाने विकला जातो. पावसाळी पानाला भाव कमी, ते बहुतेक मिश्रणात जातं. गिऱ्हाईक मळ्याच्या नावाबरोबर हंगामही बघून घेतं.

हे सगळं आपल्याला माहीत आहे, फक्त एकाच फळात

तुम्ही म्हणाल, हे चीनचं झालं. अहो, देवगडच्या बागायतदाराला हे कुणी शिकवायला नको! हापूसची पहिली पेटी वाशी मार्केटला जाते तेव्हा तिची पेपरात बातमी येते. तोच आंबा मे महिन्यात ढिगाने येतो तेव्हा भाव कुठे असतो ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे आपण हंगामाप्रमाणे भाव घेतो, तारखेला किंमत असते हे जाणतो.

आंब्याने आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवली. नाव झालं की नकली माल येतो. लोंगजिंगच्या आकाराचा चहा सिचुआन आणि क्वेइचौ या प्रांतांतही बनतो. तिथे उबदार हवेमुळे पालवी आधी फुटते. म्हणजे छिंगमिंगच्या आधीचा म्हणून तो खरा, पण लोंगजिंग म्हणून खोटा. त्यामुळे हांगझौजवळच्या शेतकऱ्यांना डब्यावर ओळख पटवणारी स्टिकरं लावावी लागली. आपल्याकडेही दुसरीकडचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला जातो. २०१८ मध्ये हापूसला जीआय मिळालं, तरी ते थांबलं नाही. शेवटी २०२५ च्या हंगामापासून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळावर स्वतंत्र कोड असलेली स्टिकरं आणली. तारीख आणि ठिकाण दोन्ही सिद्ध करता आलं पाहिजे, एवढा त्याचा अर्थ.

मग आंब्यात एवढं हुशार असलेला आपला माणूस कोकमाच्या बाबतीत काय करतो?

सोलां ती सोलां, तेच्यात काय बघूचा?

हे वाक्य तुम्ही बाजारात ऐकलं असेल. एप्रिलमधल्या कडक उन्हात वाळलेली सोलं, मेच्या अखेरीस ढगाळ हवेत कशीबशी सुकवलेली सोलं आणि पाऊस लागलेल्या फळाची सोलं एकाच पोत्यात जातात. व्यापारी वरची मूठ बघतो, खालची मूठ बघतो आणि खालच्या मुठीचा भाव देतो. त्याचं चुकत नाही. मिसळलेल्या मालाला भाव वाईट मालाचाच मिळतो.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्येच जीआय मिळालं आहे. हापूसच्याही आधी. नाव आहे, जागा आहे. वर्गवारी मात्र नाही. माझं म्हणणं असं की कोकमाच्या धंद्यात आज जो पैसा सुटतोय तो इथे सुटतोय.

कोकमात खरंच फरक पडतो का? बघा. रातांबा साधारण एप्रिल ते जून पिकतो. एका झाडाची फळं एकदम पिकत नाहीत, पुन्हा पुन्हा काढावी लागतात. पूर्ण पिकलेल्या गडद लाल फळाचा रंग आणि आंबटपणा वेगळा. अर्धवट पिकलेलं काढलं तर सोल फिकं येतं. झाडावरून काढलेलं फळ धड असतं. खाली पडलेलं चेचतं, त्याला माती लागते, लवकर बुरशी येते.

मग सुकवणं. फळ फोडून बिया आणि गर काढायचा. साल उन्हात टाकायची. गराच्या रसात मीठ घालून त्यात साल पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. अशी पुटं जितकी नीट बसतात तितकं सोल काळसर लाल, मऊ आणि रसदार होतं. हे काम सलग काही दिवस चालतं आणि सगळे दिवस कडक ऊन लागतं. मध्येच वळवाचा पाऊस आला की सालीला चिकटपणा येतो, वास बदलतो, बुरशी धरते.

कोकणातल्या शेतकऱ्याने २०२५ चा मे महिना पाहिला आहे. एरवी मॉन्सून जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्या वर्षी २५ मे रोजीच तो देवगडपर्यंत येऊन पोचला आणि त्याच्या आधीचे काही दिवस अवकाळी पावसात गेले. ज्यांची सोलं २० मेच्या आत डब्यात गेली होती त्यांचा माल वाचला. ज्यांची अंगणात होती त्यांना ती घरात पंख्याखाली पसरावी लागली. या दोन मालांची किंमत एकच कशी असेल?

चीनचा शेतकरी म्हणतो छिंगमिंगच्या आधीचा. आपल्याकडे त्याहून सोपा शब्द आहे, मिरगाआधीची सोलं. मी तर आणखी पुढे जाईन. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं. त्याआधी पूर्ण सुकून डब्यात गेलेल्या मालावर 'रोहिणीआधी सुकवलेली' असं लिहा. मालवणी माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. मुंबईच्या गिऱ्हाईकाला दोन ओळींत सांगता येईल आणि त्या दोन ओळीच तुमची जाहिरात असतील.

हिशोब करून बघू

मी आकड्याशिवाय सल्ला देत नाही. खालचे भाव उदाहरणासाठी घेतलेत, तुमच्या बाजारातले भाव टाकून हा हिशोब तुम्ही पुन्हा करा.

समजा तुमच्याकडे १०० किलो सोलं आहेत. सरसकट ३०० रुपये किलोने दिलीत तर ३०,००० रुपये हातात.

आता तोच माल निवडलात. पहिल्या प्रतीचा ३० किलो, मधला ५० किलो, खालचा २० किलो निघाला. पहिला १०० ग्रॅमच्या पाकिटात ६० रुपयांना विकला, म्हणजे ६०० रुपये किलो. त्याचे १८,०००. मधला ३०० ने, त्याचे १५,०००. खालच्या मालाला आता कुणी ३०० देणार नाही, २०० धरा. त्याचे ४,०००. एकूण ३७,०००. यातून ३०० पाकिटं, लेबल धरून ८ रुपये नग, म्हणजे २,४०० वजा. निवडायची मजुरी २,००० वजा. हातात राहिले ३२,६००.

म्हणजे सगळं सुरळीत झालं तर फायदा २,६०० रुपये. बस, एवढाच! अनेक ट्रेनर इथे तुम्हाला दुप्पट उत्पन्नाची स्वप्नं दाखवतील. मी दाखवणार नाही.

आणि सगळं सुरळीत झालं नाही तर? समजा पहिल्या प्रतीतली १५ किलोच पाकिटात विकली गेली आणि बाकीची १५ मधल्या भावाने द्यावी लागली. तुम्ही पाकिटं लागतील तशीच भरत असाल तर हातात २९,३०० राहतात. सरसकट विकण्यापेक्षा ७०० रुपये कमी! या उदाहरणात साधारण १८-१९ किलो पाकिटात विकली तर तुम्ही बरोबरीला येता. त्याच्या पुढचा प्रत्येक किलो हा फायदा.

यातून दोन गोष्टी शिका. एक, निवडलेल्या मालाचा भाव वाढतो तेव्हा उरलेल्याचा भाव पडतो. हे आधीच हिशोबात धरा. दोन, पाकिटं आगाऊ भरून ठेवू नका. माल मोठ्या हवाबंद डब्यात ठेवा, ऑर्डरप्रमाणे भरा.

मग २,६०० रुपयांसाठी एवढा खटाटोप का? कारण सरसकट विकणाऱ्याला गिऱ्हाईकाचं नाव माहीत नसतं. पाकीट विकणाऱ्याकडे पहिल्या वर्षाच्या शेवटी शंभर-दीडशे घरांचे नंबर असतात. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये त्या घरांना एक मेसेज जातो, "नवीन सोलं उन्हात पडली, किती ठेवू?" चीनमध्ये लोक दर वसंतात नव्या चहाची वाट बघतात. ती वाट बघण्याची सवय लावणं ही पहिल्या वर्षाची खरी कमाई. व्यापाऱ्याच्या पोत्यातून ती कधी मिळत नाही.

प्रत्येक काढणीला वेगळं काम द्या

उन्हाळी पान वाया घालवायचं नाही आणि वरच्या डब्यातही घालायचं नाही, हा चहावाल्यांचा नियम आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो.

पहिल्या काढणीचं, कडक उन्हातलं फळ सोलांसाठी. मधल्या बहरात फळ भरपूर येतं, तेव्हा साखर घालून अमृत कोकम करा. हवा ढगाळ व्हायला लागली, पण फळ धड आहे, तर आगळाकडे वळा. सालीत मीठ घालून रस सुटू द्यायचा, त्याला उन्हाची गरज नाही. चेचलेलं, पाऊस लागून फुटलेलं फळ मात्र कशातच घालू नका. त्याच्या बिया धुऊन वाळवा, मुठेल काढता येतं. भेगांना लावायला कोकणात ते पिढ्यान्‌पिढ्या वापरतात आणि कोकम बटर म्हणून कॉस्मेटिकवाले तेच घेतात.

बचत गटातल्या ताईंना मी हे विशेष सांगतो. पाच घरांनी मिळून करताना कुणाच्या अंगणातला माल कुठल्या तारखेचा, हे डब्यावर खडूने लिहा. एका घराची ओलसर सोलं सगळ्यांच्या डब्यात गेली तर सगळ्यांचा माल जातो आणि वर भांडण होतं ते वेगळं.

लवकरचं म्हणजे चांगलंच, असं नाही

इथे एक सावधगिरीचा इशारा. चीनमध्ये मिंगछ्येनला इतका भाव मिळायला लागला की शेतकरी लवकर पालवी फुटणाऱ्या जातींकडे वळले. लोंगजिंग ४३ ही अशीच एक जात, हांगझौच्या चहा संशोधन संस्थेने निवडलेली. जुनी गावठी झुडपं उशिरा फुटतात, त्यामुळे तारखेच्या शर्यतीत ती मागे पडतात. पण चवीने चहा पिणारे बरेच जण आजही त्या जुन्या झुडपांचा, थोडा उशिराचा, भरदार चहा पसंत करतात. आणि तो स्वस्तही पडतो!

आपल्याकडेही तोच मोह आहे. पहिल्या पेटीच्या नादात कोवळा आंबा काढला की बाहेरून पिवळा आणि आत आंबट निघतो. ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येत नाही. रातांबा अर्धाकच्चा काढून 'पहिली सोलं' म्हणून विकलीत तर तेच होईल. तारीख लिहायची ती पिकलेल्या फळाची.

नवीन लागवड करणाऱ्यांसाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता आणि कोकण हातिस या जाती आहेत. कोकण अमृताचं फळ पावसाच्या आधी तयार होतं, हा तिचा मोठा गुण. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बी लावून केलेल्या रोपाला फूल येईपर्यंत ते कळत नाही. म्हणून कलमंच घ्या. पण परसात आजोबांनी लावलेलं झाड चांगलं गडद फळ देत असेल तर ते तोडून नवीन लावायची घाई करू नका. त्याच्या फळाची वेगळी नोंद ठेवा. कदाचित तुमची सगळ्यात चांगली सोलं तीच असतील.

लेबलवर काय लिहाल, काय लिहिणार नाही

कायद्याने पाकिटावर उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख, बॅच नंबर, वापरायची मुदत वगैरे लागतंच. एफएसएसएआयची नोंदणीही लागते. पण पॅकिंगची तारीख काढणीबद्दल काही सांगत नाही. मेमध्ये सुकलेलं सोल दिवाळीत पाकिटात भरलं तर त्यावर दिवाळीची तारीख येते. म्हणून एक ओळ स्वतःहून वाढवा:

"काढणी: एप्रिल, गाव अमुक, रोहिणीआधी सुकवलेली."

ती ओळ खरी ठेवण्यासाठी साधी वही पुरे. तारीख, कुठल्या झाडांचं फळ, किती किलो, किती दिवस ऊन मिळालं, डबा नंबर. पाकिटावरचा बॅच नंबर हाच डबा नंबर ठेवा. गिऱ्हाईकाने फोन करून विचारलं तर वही उघडून सांगता आलं पाहिजे.

जीआयचं चिन्ह लावायचं असेल तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करा. जिल्हा आपला आहे म्हणून चिन्ह आपोआप आपलं होत नाही.

आणि 'वजन कमी करतं' हे लिहू नका. ग्रीन टी विकणाऱ्या अनेकांनी हेच केलं. चव, हंगाम, गाव बाजूला राहिलं आणि चहाचं औषध झालं. औषध म्हणून घेणारा गिऱ्हाईक दोन महिन्यांत वजन उतरलं नाही की सोडून जातो. कोकमातही हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल आहे म्हणून तसे दावे करणारे भेटतील. सिद्ध करता न येणारा दावा लेबलवर टाकला तर कायदाही आडवा येतो. सोलकढी चांगली होते म्हणून घेणारा गिऱ्हाईक वर्षानुवर्षं घेतो. तो आपला.

येत्या हंगामात एवढंच करा

सगळा माल एकदम या पद्धतीवर नेऊ नका. व्यापाऱ्याशी असलेले संबंधही तोडू नका, तुमचा ७०-८० टक्के माल अजून काही वर्षं त्याच्याकडेच जाणार आहे. फक्त दहा किलो वेगळी काढा.

१. मार्चमध्येच दहा किलोसाठी झाडं ठरवा. सालीचं वजन सुकल्यावर बरंच घटतं, म्हणून फळ त्या हिशोबाने धरा.

२. फक्त पूर्ण पिकलेलं, हाताने काढलेलं फळ घ्या. पडलेलं वेगळ्या टोपलीत.

३. २५ मे ही आपली शेवटची तारीख. त्यानंतर सुकलेलं सोल या डब्यात नाही. कितीही चांगलं दिसलं तरी नाही.

४. तीन वर्ग करा आणि घरातल्या दोन माणसांकडून वेगवेगळे करून घ्या. दोघांची निवड जुळली नाही तर तुमची प्रत अजून ठरलेली नाही असं समजा.

५. एप्रिल-मेच्या सुट्टीत टुरिस्ट इथे असतोच. त्याला थोडं विका आणि नंबर घ्या. मोठा भाग दिवाळी-नाताळच्या गर्दीसाठी राखून ठेवा, उजेड आणि ओल लागणार नाही असा.

६. त्याच आकाराच्या दोन पाकिटांत पहिली आणि मधली प्रत शेजारी शेजारी ठेवा, दोन्हींची सोलकढी चाखायला द्या. गिऱ्हाईकाला स्वतःला फरक कळला नाही तर जास्त भाव मागू नका.

सहावा मुद्दा सगळ्यात अवघड आहे. चिनी शेतकऱ्याच्या दारात गिऱ्हाईक नुसत्या गरम पाण्यात पान टाकून पितं, त्याला लपायला जागा नाही. आपली सोलकढी नारळाच्या रसात, लसणीत, मिरचीत झाकली जाते. म्हणून चाखायला देताना आधी नुसतं सोल कोमट पाण्यात भिजवून द्या. रंग बघू द्या, आंबटपणा जिभेला लागू द्या. मग सोलकढी.

तो फरक तुमच्या मालात असेल तर दहा किलो संपायला वेळ लागणार नाही. नसेल तर ते या हंगामातच कळेल, तेही दहा किलोच्या खर्चात. वही आजच आणा आणि पहिल्या पानावर तुमच्या रातांब्यांची संख्या लिहा.